जेवलास का?

साखरेच्या आजारात माणूस साखर वाढून मरतो, असं लोक समजतात. वैजयंता खराडेला विचारा. साखर घसरली की धडधाकट माणूस किती पटकन मरणाच्या दारात जाऊन उभा राहतो, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेही एकदा-दोनदा नव्हे. म्हणून तिच्या कनवटीला कायम एक पितळी डबी असायची. डबीत बेदाणे.

बेदाण्यांना तोटा नव्हता. बोरवाडीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ती प्रतवारीला होती. आता निवडायचं काम यंत्रच करायचं, पण यंत्रानं निवडलेल्या मालावर शेवटची नजर टाकायला माणूस लागायचं, आणि ते माणूस म्हणजे वैजयंता. धाकट्या भावाची, रणधीरची साखर पडली की ती डबीचं झाकण टक् करून उघडायची. मूठभर बेदाणे त्याच्या तोंडात कोंबायची, गालावर चापट्या मारायची आणि तो डोळे उघडेपर्यंत तेच विचारत राहायची, "रण्या, जेवलास का? जेवलास का रं?" सुई टोचून जेवायला विसरणं ही त्याची जुनी खोड होती.

आजार निघाला तेव्हा रणधीर तिसरीत होता. आई आधीच गेली होती आणि पाठोपाठ वडीलही गेले. वैजयंताला बघायला दोन स्थळं आली. दोन्ही वेळा तिनं सांगितलं, भाऊ माझ्याबरोबर येईल. पाहुण्यांनी चहा घेतला, पोहे वाखाणले आणि ते गेले ते गेलेच. तिला त्याचं फार काही वाटलं नाही, असं ती म्हणायची. खरंखोटं तिचं तिला माहीत.

रणधीरचा आजार साध्या मधुमेहासारखा नव्हता. सकाळी साखर आभाळाला, दुपारी पाताळात. तेवढंच अन्न, तेवढंच औषध, तरी रोज नवा तमाशा. पोटावर चिकटवायचा पंप लावून झाला, तरी फरक शून्य. शिकला चांगला, पण पठारावरच्या पवनचक्क्यांच्या कंपनीत त्याला मनोऱ्यावर चढायची परवानगी मिळेना. खाली गोदामात बसून नटबोल्ट मोजायचे आणि वर फिरणाऱ्या पात्यांकडे बघायचं, एवढंच त्याच्या नशिबी होतं.

मग मिरजेच्या एका दवाखान्यात डॉक्टर मगदूमबाई भेटल्या.

"वैजयंताताई, तुमच्या घरात धान्याची कोठी आहे असं समजा," बाई म्हणाल्या. "यकृत म्हणजे शरीराची कोठी. साखर साठवायची ती तिथं, काढायची ती तिथूनच. आपलं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं ते थेट त्या कोठीच्या वाटेवर. कोठीवाल्याला आधी निरोप, मग बाकीच्या घराला. आणि आपण काय करतो? कातडीखाली टोचतो. म्हणजे गावभर दवंडी पिटतो आणि कोठीवाल्याला सगळ्यात शेवटी सांगतो. त्यात रणधीरच्या कातडीखाली इतक्या वर्षांच्या सुयांनी गाठी झाल्यात. औषध कधी तिथंच अडकतं, कधी एकदम सुटतं."

"मग?"

"मग वाट बदलायची. पंप पोटाच्या आत बसवायचा आणि त्याची नळी उदराच्या पोकळीत सोडायची. तिथून औषध आधी यकृताला पोचतं. हे पूर्वीही करून बघितलं होतं लोकांनी. नवीन आहे ती ही तार." त्यांनी पडद्यावर केसासारखी एक रेघ दाखवली. "फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं की नाही? तेव्हाच मेंदूकडून एका मज्जातंतूवाटे पोटाला निरोप जातो, अन्न येतंय, तयारीला लागा. निरोगी माणसाचं इन्सुलिन पहिल्या घासाच्या आधीच सुटायला लागतं. ही तार तो निरोप ऐकते आणि पंपाला सांगते. म्हणजे शरीराला जे आधी कळतं, ते पंपालाही आधी कळतं."

वैजयंताला तारेचं सगळंच समजलं असं नाही. तिला एवढंच समजलं, की तिनं इतकी वर्षं जागून जे केलं, ते आता एक तार करणार.

आणि तारेनं केलं की! महिन्याभरात साखरेची रेघ अशी सरळ झाली, की मगदूमबाईंनी ती चार डॉक्टरांना बोलावून दाखवली. वर्षभरात रणधीर मनोऱ्यावर चढला. वरून त्यानं फोन केला, तर वाऱ्याच्या आवाजात त्याचं हसणंच तेवढं ऐकू आलं. पुढं कंपनीतल्याच ऋतुजाशी लग्न ठरलं, झालं, आणि तो पठारावरच्या कंपनीच्या वसाहतीत राहायला गेला. त्यानं वैजयंताच्या फोनवर आपल्या साखरेची रेघ जोडून दिली. "आता ही बघ आणि निवांत झोप, आक्का."

कसली झोप! ती पहाटे दचकून उठायची आणि पलीकडची खाट रिकामी बघून पुन्हा पडायची. डबीतले बेदाणे वाळून खडे झाले. भाऊ बरा झाला म्हणून तिनं देवाला नारळ वाढवला, आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून ती हमसून रडली. आपल्याला वाईट वाटतंय याचंच तिला फार वाईट वाटलं.

दर रविवारी मात्र ती वसाहतीत जायची. आणि मजा बघा, नेमकं ती गेली की रणधीरच्या कपाळावर घाम यायचा. मनगटावरचा, साखर सांगणारा पट्टा किणकिणायचा. साखर खाली! वैजयंता झटक्यात उठायची. झाकण टक्, बेदाणे तोंडात. "जेवलास का रं? बघ, तुमच्या यंत्राला काय कळतंय?" असं म्हणताना तिच्या आवाजात काळजी असायचीच, पण तिच्याआड थोडा आनंदही असायचा. अजून आपली गरज आहे तर.

ऋतुजा हुशार पोरगी. तिनं तोडगा काढला. आक्का फाटकातून आत आल्या, की नवऱ्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवायचा, म्हणजे साखर पडायलाच नको. दोन रविवार बरे गेले. तिसऱ्या रविवारी लाडू खाऊनही पडली. मग दोन लाडू. तर त्याच्या पुढच्या रविवारी रणधीर पाटावरच आडवा झाला.

त्याला सावरून झाल्यावर ऋतुजा म्हणाली, "आक्का, रागावू नका. पण मी बघतेय. तुम्ही आला की यांची साखर पडते. एरवी कधीच नाही."

आता हे तिनं हिशेबी डोक्यानं सांगितलं होतं. इंजिनिअर होती ती, पवनचक्क्यांचे आलेख वाचणारी. पण बोरवाडीत सारं आयुष्य काढलेल्या बाईच्या कानाला हे कसं लागणार? वैजयंता उठून उभी राहिली.

"म्हणजे मी पांढऱ्या पायाची?"

"अहो, तसं नाही हो..."

"माझी नजर लागती माझ्या भावाला? ज्याला मी ह्या हातानं मरणातनं ओढून काढला, त्याला?" तिनं डबी कनवटीला खोचली. "लिंबू-मिरची बांध दाराला. ही वैजयंता पुन्हा ह्या उंबऱ्यात पाय ठेवायची नाही!"

रणधीर उठून मागं येईपर्यंत ती वसाहतीच्या बसमध्ये बसलीसुद्धा. त्याचे फोन आले, तिनं उचलले नाहीत. ऋतुजाचा निरोप आला, तो तिनं ऐकलाच नाही. हट्ट धरून बसली. पण रोज साखरेची रेघ मात्र उघडून बघायची. रेघ सरळ होती. महिना गेला, दोन गेले, रेघ सरळच. ती सरळ रेघ बघून तिच्या मनात पाल चुकचुकायची, पण ती फोन उलटा ठेवायची आणि कामाला लागायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. सोनं द्यायला पोरगा आला नाही म्हणून राग, आणि आपणच त्याला येऊ दिलं नाही म्हणून जास्त राग. तिनं फोन लावला. रणधीर त्या वेळी मनोऱ्याच्या आतल्या शिडीवरून खाली उतरत होता. फोन शिरस्त्राणातच असायचा, आपोआप उचलला गेला.

"आक्का?" तो इतक्या आनंदानं म्हणाला, की तिचा सगळा राग विरघळला. तिला दुसरं काही सुचलंच नाही. तिच्या तोंडून आपसूक तेच आलं.

"रण्या, जेवलास का रं?"

मग ती बोलत राहिली. किती दिवसांचं साठलेलं, काय काय आणि कुठलं कुठलं. तो हं हं करत होता. हळूहळू त्याचं हं हं जड झालं. मग पट्ट्याची किणकिण ऐकू आली, मग लोखंडावर काहीतरी आपटलं, आणि मग दुसऱ्याच माणसाची आरोळी. तौफिकची, त्याच्या जोडीदाराची.

शिडीला अडकवलेल्या कमरेच्या सुरक्षा-पट्ट्यानं रणधीर वाचला. तौफिकनं त्याला खाली उतरवेपर्यंत तो दोरीला बांधलेल्या पोत्यासारखा लोंबकळत होता. हात मोडला, डोक्याला खोक पडली. हे सगळं वैजयंतानं फोनवर ऐकलं, कोल्ड स्टोरेजच्या दारात, पायाशी बेदाण्याची खोकी.

मिरजेला मगदूमबाईंनी तिला रणधीरच्या खोलीत जाऊच दिलं नाही. आपल्या टेबलासमोर बसवलं. शेजारी ऋतुजा, रडून डोळे सुजलेली.

"ताई, ही रेघ बघा. ही साखर. आणि ही खालची, तारेनं ऐकलेला निरोप." बाईंनी बोट ठेवलं. "तुम्ही आत्ता जिन्यावर आलात आणि नर्सशी बोललात. भिंतीपलीकडे त्यानं तुमचा आवाज ऐकला. त्या क्षणी त्याच्या शरीरानं पोटाला निरोप पाठवला, साखर येतेय. साधीसुधी नाही, भरपूर आणि लगेच. पंपानं इमानदारीनं इन्सुलिन सोडलं. सुटलेलं औषध परत घेता येत नाही."

"पण मी तर..." वैजयंता म्हणाली. "मी काहीच दिलं न्हाई त्याला आता."

"आता नाही. पण तिसरीपासून तुम्हीच दिलंत. जीव चाललाय, आणि तुमचा आवाज येतो, तुमचा हात येतो, मग साखर येते. याच्याइतका पक्का धडा कुठलंही शरीर शिकत नाही. त्याच्या शरीराला तुम्ही म्हणजेच साखर. तार नव्हती तोवर या निरोपाला कोणी विचारत नव्हतं, कारण इन्सुलिन बाहेरून यायचं. आता तार ऐकतेय. तार बसल्यावर एका घरात होता तोवर तुमचा आवाज दिवसभर कानावर असायचा, म्हणून शरीर त्याला दाद देत नव्हतं; लांब गेल्यावर तुम्ही आलात की जुना धडा जागा होतो."

ऋतुजा हळूच म्हणाली, "आणि मी लाडू दिले."

"हो. आक्का आल्या की लाडू. म्हणजे धडा अजून घोटवून घेतला."

"ते यंत्र जरा कमी करा की मग," वैजयंता हात जोडून म्हणाली. "जास्त औषध सोडू नको म्हणावं त्याला."

"मर्यादा घालून पाहिली. पण खऱ्या जेवणालाही तीच मर्यादा लागते. तार बंद केली तर पंप अर्धा आंधळा होतो आणि पुन्हा पूर्वीचा खेळ सुरू. आणि धडा विसरवायचा, तर तुम्ही त्याच्यासमोर बसायचं, साखर पडू द्यायची आणि काही म्हणजे काही द्यायचं नाही. आम्हीही द्यायचं नाही. दिलं, की तो पुन्हा तेच शिकणार. सांगा, कोण डॉक्टर हे करेल? कोण बहीण करेल?"

मग वैजयंता ऋतुजाकडं वळली. तिच्या तोंडून माफी निघेना, तेवढी सवय नव्हती. तिनं पोरीचा हात धरला आणि नुसतीच मान हलवत राहिली. ऋतुजानं तो हात सोडला नाही.

त्यांनी प्रयत्न केले, नाही असं नाही. आधी डबी घरी ठेवली. मग बांगड्या काढल्या, त्यांचा आवाज त्याच्या ओळखीचा म्हणून. मग न बोलता दारात उभी राहिली, तर त्यानं तिची चप्पल ओळखली. काचेआडून पाहिलं, तरी रेघ खाली. फोनवर, पडद्यावर, सगळीकडं तेच. वैजयंताचं एक-एक काढत गेले आणि शेवटी वैजयंताच काढायची उरली.

हात अजून गळ्यात असतानाच रणधीर एका संध्याकाळी बोरवाडीला आला. ऋतुजा गाडीत, फाटकाबाहेर. तो दार ढकलून आत आला तेव्हा वैजयंता चुलीपुढं होती. तिनं पाहिलं आणि पटकन भिंतीकडं तोंड केलं. ओठ घट्ट मिटले.

"आक्का, बोलू नकोस. ऐक फक्त. वेळ थोडा आहे." तो धापा टाकत होता. "मी ठरवलंय. तार काढून टाकतो, पंपही काढतो. जुनी सुई, सगळं पहिल्यासारखं. मनोरा नको मला. गोदामात बसेन. ऋतुजा तयार आहे, तीही इथं येईल राहायला. तू आणि तुझी डबी. काय होईल ते होईल."

हेच तर हवं होतं तिला. इतक्या दिवसांत तिनं देवाकडं वेगळं काय मागितलं होतं? पलीकडच्या खाटेवर भाऊ, उशाला डबी. तिनं फक्त वळायचं होतं. वळून "ये बाळा" म्हणायचं होतं. मागं त्याच्या मनगटावर पट्टा किणकिणायला लागला.

तिला ती शिडी आठवली. आणि पहिल्यांदा वर चढला तेव्हाचं वाऱ्यातलं ते हसणंही आठवलं.

ती वळली नाही. भिंतीलाच म्हणाली, "मला न्हाई जमायचं आता."

"आक्का?"

"सारा जन्म तुझ्या उशाशी गेला रणधीर. लग्न न्हाई, पोरं न्हाई, एक रात धड झोप न्हाई. आता कुठं जरा निवांत झालीया मी. पुन्हा ते जोखड माझ्या मानेवर घालू नकोस. कंटाळा आलाय मला तुझा. जा."

तिनं त्याला रण्या म्हटलं नाही, हे त्याला जास्त लागलं. पट्ट्याची किणकिण वाढली. मग ऋतुजा आत धावत आली, त्याला धरून बाहेर घेऊन गेली, आणि गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. वैजयंता तशीच भिंतीला टेकून खाली बसली. दूध उतू गेलं तरी उठली नाही.

थोड्या वेळानं ऋतुजाचा फोन आला. रणधीर सावरला होता. तिनं विचारलं, "आक्का, खरंच म्हणालात तुम्ही ते?"

"तुला काय वाटतं?"

"कळलं, आक्का."

"त्याला सांगू नकोस," वैजयंता म्हणाली. "आणि एक ध्यानात ठेव पोरी. त्याची साखर पडली तर तुझ्या हातानं भरवू नकोस. कधीच न्हाई. कितीबी जीव तुटला तरी त्याचं त्यालाच घेऊ दे. न्हाईतर एक दिवस तुझीबी वैजयंता होईल."

दिवाळी आली. भाऊबीजेला गल्लीत सगळ्यांकडं भाऊ आले, गाड्या लागल्या, पोरांनी धुमाकूळ घातला. तिन्हीसांजेला वैजयंता ताट घेऊन गच्चीवर गेली. निरांजन, कुंकू, अक्षता, आणि डबीतून काढलेले ताजे बेदाणे. पश्चिमेला पठार, पठारावर पवनचक्क्यांच्या माथ्यांवर लुकलुकणारे लाल दिवे, आणि त्यांच्यावर बीजेची नखाएवढी कोर.

शेजारच्या गच्चीवरून पारूबाईनं हटकलं. "अगं बया! भाऊ हाय की तुला, पलीकडच्या पठारावर. ज्यांना भाऊ न्हाई त्या ओवाळतात चंद्राला."

"तो कामात असतो," वैजयंता म्हणाली.

तिनं पदर डोक्यावर घेतला, चंद्राच्या दिशेनं कुंकू आणि अक्षता उडवल्या आणि ताट फिरवायला सुरुवात केली. एकदा ओवाळून झालं. दुसऱ्यांदा फिरवताना कठड्यावर ठेवलेला फोन उजळला. साखरेची रेघ.

रेघ खाली निघाली होती.

तिचा हात थांबला. त्याच्याजवळ तर आज कुणी नाही. फोन नाही, आवाज नाही, डबी नाही. मग कशानं? आणि मग तिला कळलं. तोही कुठंतरी उभा आहे आणि ह्याच कोरीकडं बघतोय. त्याला ठाऊक आहे की आज आक्का चंद्राला ओवाळणार. त्याला तिची आठवण आली होती. तेवढीही पुरी होती.

इतक्या सगळ्यानंतर, ती इतकं तोडून बोलल्यानंतरही, त्याचं शरीर तिची वाट बघत होतं. तिला एवढं सुख आयुष्यात झालं नव्हतं, आणि एवढी भीतीही वाटली नव्हती. रेघ अजून खाली आली. तिनं ताट खाली ठेवलं. निरांजन हललं, विझलं नाही.

"विसर रं," ती पठाराकडं बघून मोठ्यानं म्हणाली. "विसर मला, रण्या. माझ्या सोन्या, विसर की रं!"

पारूबाई कठड्याशी येऊन बघत राहिली. वैजयंताला पर्वा नव्हती. आवाज पठारापर्यंत पोचणार नाही, हे एक बरं होतं. रेघ खाली जाऊन थांबली, थोडा वेळ तशीच राहिली आणि मग हळूहळू वर चढायला लागली. ऋतुजाचा निरोप आला.

"गच्चीवर उभे होते. त्यांचं त्यांनीच घेतलं. मी हात लावला नाही, आक्का."

वैजयंतानं तो दोनदा वाचला. मग फोनवर ती रेघ जोडलेली होती तिथं जाऊन ती काढून टाकली. काढू का, असं फोननं विचारलं, तेव्हा तिनं हो म्हटलं.

कोर पवनचक्क्यांच्या मागं उतरली होती. राहिलेलं ओवाळणं तिनं केलं नाही. ताट उचललं, खाली आली, आणि डबीतले बेदाणे शेजारच्या पोरांना वाटून टाकले.